बटर कुकी अर्धी चॉकलेटमध्ये बुडवते, पण चॉकलेट हाताला लागतं आणि दुसऱ्या दिवशी पांढरं पडतं. नेमकं कुठे चुकतंय?

खमंग_कण

साधी बटर कुकी करून ती अर्धी डार्क चॉकलेटमध्ये बुडवायची आहे. दोनदा करून पाहिली. कुकी चवीला चांगली होते, चॉकलेटचा भाग मात्र दोन्ही वेळा बिघडला. काय काय केलं ते मापासकट देते, म्हणजे सांगायला सोपं जाईल.

कुकी: मैदा २५० ग्रॅम, बटर १५० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, अंडं १, बेकिंग पावडर अर्धा चमचा. १८० अंशांवर १२ मिनिटं. कडेने कुरकुरीत, मध्ये जरा मऊ अशी होते.

चॉकलेट: ५५ टक्के कोकोचं डार्क चॉकलेट २०० ग्रॅम. उकळत्या पाण्यावर वाडगा ठेवून पूर्ण वितळवलं, लगेच कुक्या बुडवल्या, बटर पेपरवर मांडून फ्रिजमध्ये १ तास ठेवल्या.

अडचणी अशा:

१. फ्रिजमधून काढल्यावर १०-१५ मिनिटांत चॉकलेट मऊ पडतं, बोटांना लागतं.
२. दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट रेघा आणि ठिपके येतात.
३. कुकीच्या खाली चॉकलेट पसरून झालरीसारखी कड तयार होते.
४. दुसऱ्या खेपेला चॉकलेट वितळता वितळता एकदम घट्ट आणि रवाळ झालं. बहुतेक वाफेचं पाणी गेलं असावं. दोन चमचे दूध घालून पाहिलं, तर गोळाच झाला.
५. दहाएक कुक्या बुडवल्या की चॉकलेटमध्ये भुगा साचतो आणि पुढच्या कुक्या खरखरीत दिसतात.

थर्मामीटर आहे, मायक्रोवेव्ह आहे. स्वयंपाकघर दुपारी २९-३० अंशांवर असतं. चॉकलेटमध्ये थोडं तेल घालावं का? आणि ३० कुक्यांना चॉकलेट किती घ्यावं?

---

कोको_सत्तर

पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच. तुमचं चॉकलेट टेंपर झालेलं नाही, म्हणजे त्यातली चरबी योग्य प्रकारच्या स्फटिकांत गोठलेली नाही.

कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, सहा निरनिराळ्या प्रकारांनी गोठतं, आणि प्रत्येक प्रकारचे स्फटिक वेगळ्या तापमानाला वितळतात. आपल्या कामाचा त्यातला पाचवा. तो साधारण ३४ अंशांना वितळतो, म्हणून चॉकलेट बोटांत टिकतं आणि तोंडात गेल्यावर विरघळतं. चौथा प्रकार मात्र २७-२८ अंशांनाच वितळायला लागतो. चॉकलेट नुसतं वितळवून फ्रिजमध्ये टाकलं की असे कच्चे स्फटिकच जास्त होतात. फ्रिजमध्ये ते घट्ट दिसतात, पण तुमच्या ३० अंशांच्या स्वयंपाकघरात आले की मऊ पडणारच. पुढच्या दिवसाभरात हे कच्चे स्फटिक हळूहळू पक्क्या प्रकारात बदलतात आणि त्या घडामोडीत चरबी पृष्ठभागावर येते. तीच पांढरी भुरी. खायला काही अपाय नाही, पण चमक जाते आणि दाताखाली ‘कट’ असा आवाजही येत नाही.

विकत आणलेली वडी चकचकीत असते कारण ती टेंपर केलेलीच असते. आपण ती ४५ अंशांपर्यंत तापवली की सगळे स्फटिक पुसले जातात, चांगलेही आणि वाईटही. मग चांगले परत आणायचे. घरी त्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे न वितळलेल्या चॉकलेटचं विरजण लावणं. शब्द मुद्दाम वापरतोय, कारण क्रिया तशीच आहे: थोडे तयार स्फटिक आत सोडायचे आणि त्यांच्यावरून बाकीचे घडू द्यायचे.

३०० ग्रॅम चॉकलेट घ्या. २०० ग्रॅम चिरून वाडग्यात घाला. उरलेलं १०० ग्रॅम तुरीच्या डाळीएवढं बारीक चिरून बाजूला ठेवा. हे विरजणाचं चॉकलेट चकचकीत आणि कडक असलंच पाहिजे. आधीच भुरी आलेली वडी विरजणाला चालत नाही. वितळवण्याच्या भागात मात्र ती बिनधास्त घाला.

२०० ग्रॅम ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. वाडगा आचेवरून उतरवून बूड कोरडं पुसा. चिरलेलं चॉकलेट तीन-चार वेळा मिळून घाला आणि सतत ढवळत राहा. ढवळणं म्हणजे फेटणं नव्हे. स्पॅच्युला तळाला आणि कडेला टेकवून फिरवायचा, हवा आत घ्यायची नाही. तापमान ३४ अंशांवर येईपर्यंत घातलेले तुकडे भराभर विरघळतात, त्यानंतर रेंगाळतात. तसंच ढवळत २८ अंशांपर्यंत खाली या. आता वाडग्याखाली कोमट पाणी धरा किंवा मायक्रोवेव्हमध्ये ५-५ सेकंद ठेवा आणि ३१ ते ३२ अंशांवर आणा. हे डार्कचं कामाचं तापमान. ३२ पर्यंत ठीक, ३४ च्या वर गेलं की पुसलं गेलं, पहिल्यापासून सुरू करा.

मिल्क चॉकलेटला हेच आकडे ४०-४५, मग २७, मग २९-३०. व्हाइटला ४०-४५, मग २६, मग २८-२९. या दोन्हींत दूध असतं, ५० च्या आसपास गेलं की दाणे धरतात, म्हणून वरची मर्यादा कमी.

आकडा बरोबर आला म्हणून लगेच कुक्या बुडवू नका. सुरीचं टोक चॉकलेटमध्ये बुडवा, झटका आणि २०-२२ अंशांच्या जागी ठेवा. पहिल्या मिनिटाला ते ओलं चमकतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कडेपासून आत चमक जराशी मंदावत जाते, ओलेपणा जाऊन रेशमासारखी झळाळी उरते. पाचव्या मिनिटाला बोट लावलं तर ठसा उमटत नाही आणि बोटालाही काही लागत नाही. असं झालं तर टेंपर जमलं. दहा मिनिटांनीही ओलंच असेल किंवा सुकताना रेघा दिसत असतील तर अजून थोडं विरजण घालून परत २८ अंशांवर उतरवा.

खोलीचं तापमान हा खरा अडसर आहे. ३० अंशांच्या हवेत उत्तम टेंपर केलेलं चॉकलेटही नीट बसत नाही, कारण गोठताना ते स्वतः उष्णता बाहेर टाकतं आणि ती जायला जागा नसते. हे काम पहाटे करा किंवा एसी लावून खोली २०-२२ वर आणा. दुसरा इलाज नाही.

---

मोजूनमापून

कोको_सत्तर यांनी चॉकलेटचं सांगितलं, पण ही कुकीसुद्धा बदलायला हवी. ही पाककृती नुसती खायला छान आहे, बुडवायला नाही. अंड्यामुळे आणि १२ मिनिटांच्या भाजण्यामुळे मध्ये ओल राहते. ती ओल चॉकलेटच्या थराखाली अडकते आणि आतून त्याला मऊ करते. बेकिंग पावडरने पृष्ठभाग फुगतो, चिरा पडतात आणि तुमचा पाचव्या क्रमांकाचा भुगा तिथूनच येतो.

बुडवायला शॉर्टब्रेडच्या जातीची कुकी घ्यावी: साखर १ भाग, बटर २ भाग, मैदा ३ भाग, सगळं वजनाने. ३० कुक्यांसाठी पिठीसाखर ८० ग्रॅम, बटर १६० ग्रॅम, मैदा २४० ग्रॅम आणि बटर बिनमिठाचं असेल तर मीठ २ ग्रॅम. अंडं नाही, बेकिंग पावडर नाही. जास्त खुसखुशीत हवी असेल तर मैद्यातला ३० ग्रॅम काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घाला.

बटर बोट दाबलं तर खड्डा पडेल इतपतच मऊ हवं, १८-२० अंश. वितळलेलं किंवा तुपकट झालेलं नको. साखरेबरोबर एखादं मिनिट फेटा, पांढरं फुगेपर्यंत नाही. केकला जी हवा लागते ती इथे नुकसान करते, कुकी ओव्हनमध्ये फुगून नंतर पसरते. मैदा घालून हाताने गोळा जमेल इतकंच एकत्र करा. मळायचं नाही, मळलं की चिवट होते.

दोन बटर पेपरच्या मध्ये ७ मिलीमीटर जाडीचं लाटा. दोन्ही बाजूंना ७ मिलीमीटरच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवलं की जाडी सगळीकडे एक येते. ४० मिनिटं फ्रिजमध्ये, मग ५ सेंटिमीटरच्या गोल साच्याने कापा, काट्याने दोन-तीन ठिकाणी टोचा, पुन्हा १५ मिनिटं फ्रिजमध्ये. ओव्हन १६० अंश, १८ ते २२ मिनिटं. वरून रंग जवळजवळ येत नाही, कडा आणि बूड फिकट सोनेरी झालं की काढा. पाचपेक्षा कमी मिलीमीटरची कुकी बुडवताना बोटांत मोडते, दहाच्या वर गेली की आतून कच्ची राहते.

ट्रेवर १० मिनिटं, मग जाळीवर किमान एक तास. एक कुकी मोडून बघा. मध्यभागी किंचित गडद, दमट पट्टा दिसला तर सगळ्या १५० अंशांवर परत ५-६ मिनिटं.

आता भुगा. कुकी पूर्ण गार झाल्यावर तिची कड बारीक किसणीवरून अगदी हलक्या हाताने फिरवा. साच्याने कापताना खालच्या कडेला राहिलेला पातळ पापुद्रा निघून जातो आणि कड बोटाला गुळगुळीत लागते. मग कोरड्या मऊ ब्रशने दोन्ही बाजू झटका. ३० कुक्यांना दहा मिनिटं लागतात, पण चॉकलेट शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि बसल्यावर कडही रेखीव दिसते.

स्वादासाठी लिंबाची साल, कॉफीची पूड, वेलची असं कोरडं काहीही चालेल. ताजं फळ किंवा जॅम मात्र बुडवायच्या कुकीत नको.

---

ओलंसुकं

चौथ्या मुद्द्यावर मी सांगते.

चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. साखर आणि कोकोचे बारीक कण चरबीत सुटे तरंगत असतात, म्हणून ते वाहतं. चमचाभर पाणी पडलं की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा लगदा होतो. दूध म्हणजेसुद्धा बव्हंशी पाणीच, त्यामुळे दोन चमचे दुधाने तुम्ही तेच आणखी वाढवलं. गंमत अशी की पाणी खूप घातलं तर ते परत सैल होतं. बिघडलेलं १०० ग्रॅम असेल तर ५०-६० मिलीलिटर गरम दूध किंवा क्रीम एकेक चमचा घालत फेटा, छान गुळगुळीत सॉस होतो. तो केकवर ओता, दोन कुक्यांच्या मध्ये भरा. बुडवायला तो उपयोगी नाही, तो कधी कडक होणार नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून: वाडगा खालच्या पातेल्यापेक्षा मोठा आणि पातेल्याच्या तोंडावर घट्ट बसणारा घ्या, म्हणजे वाफ कडेने वर येत नाही. पाणी बोटभरच आणि वाडग्याच्या बुडाला न लागणारं. उकळी आली की गॅस बंद करून मग वाडगा ठेवा, तेवढ्या उष्णतेवर ३०० ग्रॅम आरामात वितळतं. झाकण कधीच नाही. लाकडी चमचा पाणी धरून ठेवतो, सिलिकॉनचा वापरा. आणि वाडगा उचलला की आधी बूड पुसायचं, मगच काहीतरी ओतायचं. निम्मे अपघात त्या एका थेंबाने होतात.

जळलेलं चॉकलेटही रवाळ होतं, पण ते कोरडं, भरड असतं आणि वास करपट येतो. त्याला उपाय नाही, टाकून द्या.

---

बोटभर_उंची

बुडवण्याचं तंत्र कुणी लिहिलेलं दिसत नाही, तिसरी अडचण तिथलीच आहे.

आधी मापाचं. ५ सेंटिमीटरच्या, अर्ध्या बुडवलेल्या कुकीला ४ ते ५ ग्रॅम चॉकलेट लागतं. म्हणजे ३० कुक्यांना फार तर १५० ग्रॅम. पण वितळवायचं ३०० ग्रॅम, कारण वाडग्यात खोली हवी. रुंद वाडग्यात २०० ग्रॅम घेतलं की शेवटी कुकी आडवी करून घोळवावी लागते आणि अर्धगोलाची रेघ वाकडी येते. उभट, अरुंद मग किंवा बरणी घ्या. चॉकलेट निदान ४ सेंटिमीटर खोल राहील एवढं पाहा.

कुकीचं तापमान खोलीइतकंच हवं, २०-२२ अंश. कोमट कुकी टेंपर बिघडवते. फ्रिजमधली गार कुकी बुडवली की चॉकलेट तत्क्षणी बसतं आणि छान वाटतं, पण कुकी खोलीच्या तापमानाला येताना जराशी फुगते आणि वरच्या कवचाला केसाएवढी चीर जाते. शिवाय गार पृष्ठभागावर हवेतली ओल जमते ती वेगळीच.

आता कृती. कुकी वरच्या कडेला धरून सरळ खाली न्या, रेघ जिथे हवी तिथपर्यंत, आणि एका दमात बाहेर काढा. आत हलवायची नाही. बाहेर आल्यावर चॉकलेटच्या पृष्ठभागाला बूड टेकवून भराभर चार-पाच वेळा वरखाली टपटप करा. वाडग्यातलं चॉकलेट कुकीवरचं जादा चॉकलेट खाली ओढून घेतं. बघत राहिलात तर दिसेल, कुकीवरच्या लाटा एकेक करून खाली सरकतात आणि टेक्श्चर सपाट होतं. मग दोन-तीन सेकंद निथळू द्या, खालची कड वाडग्याच्या काठावरून एकदा ओढून पुसा, आणि कुकी बटर पेपरवर ठेवा. ठेवताना आडवी टेकवून एखादा सेंटिमीटर पुढे सरकवा, चॉकलेट नसलेल्या बाजूकडे. मागे राहिलेला ओघळ सुटा पडतो.

पाच-सहा मिनिटांनी, चॉकलेट बसायला लागलं पण अजून चमकतंय अशा वेळी, कुकी उचलून पेपरवरच्या कोऱ्या जागी ठेवली तर उरलीसुरली झालरही निघून जाते. एवढ्यावरही पसरट कड येत असेल तर चॉकलेट टेंपरच नाही असं समजा. टेंपर झालेलं चॉकलेट लवकर धरतं, पसरायला त्याला वेळच मिळत नाही.

जाळीवर ठेवू नका. चॉकलेट तारांभोवती बसतं आणि काढताना तुकडा पडतो.

---

खमंग_कण

खूप आभार, सगळ्यांनी इतकं नीट लिहिलंत. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. टेंपरिंग लागत नाही असं कंपाउंड चॉकलेट मिळतं, ते घेतलं तर? आणि फ्रिज अजिबात वापरायचाच नाही का?

---

सायंकाळी_चारला

कंपाउंड घ्या की, त्यात कमीपणा काही नाही. त्यात कोको बटरऐवजी बहुधा पाम कर्नलसारखी दुसरी चरबी असते, ती आपोआप बसते. ४०-४५ अंशांना वितळवायचं, बुडवायचं, ५-१० मिनिटं फ्रिजमध्ये. तुमच्या ३० अंशांच्या स्वयंपाकघरात ते जास्त भरवशाचं आहे. वेष्टनावरच्या घटकांत ‘कोको बटर’ नसून दुसरी वनस्पती चरबी लिहिलेली असेल तर ते कंपाउंड. चवीत फरक पडतो, मेणचट थर टाळूला जाणवतो. लहान मुलांच्या पार्टीला मी तेच सुचवेन.

खऱ्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅमला एक चमचा तेल घातलं की पातळही होतं आणि टेंपरिंगचा खटाटोप टळतो. त्याच दिवशी संपणार असेल तर ते पुरे आहे.

---

कोको_सत्तर

कंपाउंडबद्दल सहमत. फक्त एक सांभाळा: कंपाउंड आणि खरं चॉकलेट एकमेकांत मिसळू नका, चव सुधारेल म्हणूनही नाही. त्या दोन चरबी एकत्र आल्या की मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं आणि भुरी लवकर धरते. वाडगा आणि स्पॅच्युलासुद्धा धुऊन, खडखडीत कोरडा करून घ्या.

तेलाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तेल खोलीच्या तापमानाला द्रवच असतं आणि कोको बटरचा काही भाग स्वतःत विरघळवून घेतं. त्यामुळे थर कायमचा मऊ होतो. खमंग_कण यांची पहिली तक्रारच बोटांना लागण्याची आहे, तेलाने ती वाढेल. खोबरेल तेल २४-२५ अंशांना वितळतं, तेही इथे कामाचं नाही. आइस्क्रीमवर ओतायला उत्तम. चॉकलेट पातळ करायचंच असेल तर शुद्ध कोको बटर घाला, ३०० ग्रॅमला १० ते १५ ग्रॅम, वितळवतानाच. त्याने प्रवाहीपणा येतो आणि कडकपणा तसाच राहतो.

मुळात बुडवायला कुव्हर्चर, म्हणजे जास्त कोको बटर असलेलं चॉकलेट, घेतलं तर ही वेळ येत नाही. कुव्हर्चरमध्ये कोको बटर किमान ३१ टक्के असतं, थर पातळ बसतो. चॉकलेट चिप्स यासाठी नका घेऊ. त्या ओव्हनमध्ये आकार टिकावा म्हणून केलेल्या असतात, कोको बटर कमी, आणि वितळल्यावरही दाट राहतात.

फ्रिजचं असं आहे: टेंपर झालेल्या चॉकलेटला फ्रिज गोठवण्यासाठी लागत नाही, गोठताना निघणारी उष्णता काढून घ्यायला उपयोगी पडतो. खोली २४ अंशांच्या वर असेल तर बुडवून ५ मिनिटं बाहेर, मग १० मिनिटं फ्रिजमध्ये, मग बाहेर. याहून जास्त नाही. तासभर ठेवल्या की बाहेर काढताच त्यांवर दव धरतं, ते दव वरची साखर विरघळवतं आणि सुकल्यावर साखरेचा पांढरा, खरखरीत थर उरतो. तुमचे ठिपके बहुधा हेच आहेत आणि रेघा चरबीच्या. ओळखायला सोपं: पांढऱ्या भागावर कोमट बोट हलकेच चोळा. तुपकट लागून नाहीसा झाला तर चरबी, तसाच खरखरीत राहिला तर साखर.

---

मोजूनमापून

साठवणुकीचं राहिलं. पूर्ण बसलेल्या कुक्या हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, १५ ते २० अंशांना ठेवल्या तर दोन आठवडे चांगल्या राहतात. त्यानंतर कुकीतल्या बटरची चरबी हळूहळू चॉकलेटमध्ये उतरते आणि नीट टेंपर केलेल्या थरावरही भुरी दिसायला लागते. जागा जितकी गरम, तितकं हे लवकर.

हवा गरम असेल आणि फ्रिजशिवाय इलाजच नसेल तर डबा बंद करूनच आत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर उघडू नका. दव डब्याच्या बाहेर धरू दे, कुकीवर नको.

वरून सुक्या मेव्याचा चुरा किंवा मिठाचे खडे घालायचे असतील तर बुडवल्यावर अर्ध्या मिनिटाने. लगेच घातले तर घसरतात, दोन-तीन मिनिटांनी घातले तर चिकटत नाहीत. चुरा भाजून पूर्ण गार केलेला असावा.

---

खमंग_कण

आज सकाळी सहाला केलं, खोली २२ अंश. शॉर्टब्रेडचं माप तंतोतंत घेतलं, २९ कुक्या झाल्या. सुरीची चाचणी चौथ्या मिनिटाला पास. पहिल्या पंधरा-सोळा कुक्या अगदी हव्या तशा आल्या, हाताला लागत नाहीत. पुढे मात्र चॉकलेट दाट होत गेलं, थर जाड आणि पृष्ठभाग निस्तेज. तापमान बघितलं तर ३०.४ होतं, म्हणजे फार उतरलेलंही नव्हतं. शेवटच्या दहा कुक्या तशाच उरकल्या. यात काय करायला हवं होतं?

---

कोको_सत्तर

आता टेंपर जास्त झालं. स्फटिक वाडग्यातही वाढतच असतात, विशेषतः कडेला आणि तळाशी, जिथे चॉकलेट जास्त गार असतं. ते फार झाले की तापमान बरोबर दिसूनही मिश्रण दाटतं. अशा वेळी परत पहिल्यापासून टेंपर करायचं नाही, फक्त जादा स्फटिक वितळवायचे. दोन मार्ग आहेत. हेअर ड्रायर वाडग्याच्या बाहेरून १०-१५ सेकंद फिरवत ढवळा आणि ३२ अंशांपर्यंत न्या. किंवा सुरुवातीलाच ५० ग्रॅम चॉकलेट वेगळं वितळवून ४० अंशांवर ठेवा, आणि दाटलं की त्यातलं एकेक चमचा मिसळा. मिसळल्यावर ३२ च्या वर जात नाही ना ते पाहा, आणि सुरीची चाचणी परत करा.

दर पाच-सहा कुक्यांनंतर कडेला धरलेलं चॉकलेट खरवडून आत ढवळा. वाडग्याखाली ३३-३४ अंशांच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं जाड फडकं ठेवलं तर तासभर काम निघतं, फक्त ते गार होत आलं की बदला, आणि वाडग्याच्या काठाला ओल लागू देऊ नका.

उरलेलं चॉकलेट फेकू नका. पातळसर असतानाच बारीक गाळणीतून गाळा, भुगा वर राहतो. बटर पेपरवर अर्धा सेंटिमीटर जाडीचं पसरून बसू द्या, तुकडे करून डब्यात भरा. पुढच्या वेळी ते वितळवण्याच्या भागात घाला. तुकडा कटकन तुटत असेल आणि चमकत असेल तर विरजणालाही चालेल.

---

बोटभर_उंची

एक भर: त्या दहा जाड थराच्या कुक्या परत बुडवू नका, थर दुप्पट होतो आणि चावताना कवच कुकीपासून सुटतं. त्यांच्यावर व्हाइट चॉकलेटच्या बारीक रेघा ओढा. ३० ग्रॅम पुरतं. टेंपर करून कागदाच्या कोनात भरा, टोक एक मिलीमीटर कापा, आणि कुकीच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा, म्हणजे रेघेच्या टोकांना गोळे राहत नाहीत. निस्तेजपणा त्याखाली झाकला जातो.